छटाक बाटली घेईना

सोमवार, ३

ही वही प्लांटची आहे. चोरलेली नाही. लॉगबुकाचे रकाने बदलले तेव्हा जुन्या छापाचा गठ्ठा रद्दीत निघाला होता, त्यातली एक केमिस्टबाईंनी मला आठवण म्हणून दिली. वेळ, प्रवाह, गढूळपणा, क्लोरीन, शेरा असे रकाने आहेत. मी आडवं लिहिणार.

आज रजेचा पहिला दिवस. तीन महिने. अशी रजा बापांनाही मिळते हे आमच्या जलशुद्धीकरण केंद्राच्या फलकावर सहा वर्षं लागलेलं आहे, पण त्या कागदावर धूळ बसण्यापलीकडे काही घडलं नव्हतं. मी अर्ज दिला तेव्हा कारकुनाने विचारलं, आजारी कोण आहे? म्हटलं, कोणी नाही. मग रजा कशाला? म्हटलं, मुलगी आहे, पाच महिन्यांची. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मलाच क्षणभर वाटलं, आपण काहीतरी लपवतोय. इंजिनिअरसाहेब चांगले वागले. म्हणाले, तुझी जागा कुठे जात नाही, पण शिफ्ट इनचार्जच्या बढतीची यादी तू नसताना लागेल, तेवढं लक्षात ठेव. ठेवलं.

निरोपाला सगळ्यांनी मिळून भेट दिली. दुसऱ्या कुठल्या ऑफिसात बाळाला झबली-टोपडी दिली असती. आमच्या लोकांनी लाल फीत बांधलेला पाच लिटरचा हायपोचा कॅन दिला. हायपो म्हणजे क्लोरीनचं द्रावण. त्याने आम्ही अख्ख्या शहराचं पाणी निर्जंतुक करतो. माझा पाळीतला जोडीदार म्हणाला, बाळाची भांडी-बाटल्या आपल्या पद्धतीने स्वच्छ ठेव, उकळत बसायला वेळ कोणाला आहे. मला भरून आलं. इतक्या उपयोगाची भेट मला कोणी दिली नव्हती.

आजच बायको कामावर रुजू झाली. ती शहर बस चालवते. डेपोत दीडशे चालक, त्यात बाया चार. पाच महिन्यांनंतर परत घेताना दोन आठवडे सराव असतो. सकाळी चार तास, मध्ये दीड तास सुट्टी, मग पुन्हा चार तास. त्या सुट्टीत ती घरी येऊन छटाकला पाजून जाते. सतरा तारखेपासून पूर्ण दिवसाची ड्यूटी लागेल, मध्ये घरी येता येणार नाही. म्हणजे तोपर्यंत छटाकने माझ्या हातून बाटलीने दूध घ्यायला शिकायला हवं. काम एवढंच आहे. मी नऊ वर्षं सव्वा लाख घरांना पाणी पाजतोय, एका छटाकभर मुलीला दूध पाजणं काय अवघड आहे?

(छटाक हे नाव जन्माच्या वेळच्या वजनावरून पडलं. आता चांगली सहा किलोची आहे, पण नाव चिकटलं ते चिकटलं.)

मंगळवार, ४

घेतली नाही.

बायकोने काढून ठेवलेलं दूध, बरोबर सदतीस अंश. थर्मामीटर लावून पाहिलं. बाटली ओठाला लावली तशी तिने तोंड फिरवलं आणि माझ्याकडे इतक्या दुःखाने पाहिलं की जणू मी तिचा विश्वासघात केला. पुन्हा लावली, तर किंचाळली. शेवटी साडेअकराला बायको आली आणि ती आईला जी बिलगली ती सोडेचना.

चौथ्या महिन्यात बायकोने दोनदा बाटली देऊन पाहिली होती, तेव्हा गटागटा प्यायली होती. म्हणजे बाटलीचं वावडं नाही. वावडं माझं आहे. हे लिहायला बरं वाटत नाही, पण वहीत खोटं नोंदवायची मला सवय नाही.

बाकी घर मी व्यवस्थित लावलंय. न्हाणीघराशेजारी मोठा टब ठेवला आहे. त्यात प्रमाणात हायपो. बाटल्या, बूच, चमचे, वाटी, दूध काढायच्या पंपाचे सुटे भाग, सगळं त्यात अर्धा तास बुडवायचं, मग पाण्यातून एकदा काढायचं. छटाकला घेण्याआधी हातसुद्धा त्यातच बुडवतो. हिशोब करून पाहिला, अपायकारक काही उरत नाही. वरच्या मजल्यावरचे टेलरकाका जिन्यात भेटले, विचारत होते, गच्चीवरची टाकी धुतली का आज? म्हटलं, नाही बुवा. म्हातारपणी माणसाला काहीतरी वाटत राहतं.

गुरुवार, ६

प्लांटमध्ये पाण्यात तुरटी किती घालायची ते ठरवताना आम्ही सहा ग्लास शेजारी-शेजारी ठेवतो आणि प्रत्येकात वेगळं प्रमाण घालून बघतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे कशाने फरक पडला ते कळतं. तेच घरी केलं. पस्तीस अंश, सदतीस, एकोणचाळीस. लहान भोकाचं बूच, मोठ्या भोकाचं बूच. मांडीवर, खांद्याशी, खिडकीशी उभं राहून, बायकोचा जुना कुर्ता पांघरून. कुर्त्यात मी कसा दिसत होतो ते विचारू नये. छटाक मात्र खदखदा हसली. हसताना तोंड उघडलं म्हणून बाटली लावली, तर हसणं थांबलं आणि तोंड मिटलं.

चमच्यानेही नाही. वाटीनेही नाही. औषधाच्या ड्रॉपरनेही नाही.

आणि तरी खरं सांगायचं तर दिवस वाईट जात नाहीत. दूध सोडून बाकी सगळ्यात आमचं मेतकूट जमलंय. पालथी पडून मान वर काढते आणि मी दिसतोय ना, याची खात्री करून घेते. नऊ वर्षांत मला कामावर कोणी असं पाहिलेलं नाही.

शुक्रवार, ७

घेतली नाही. पाच वेळा. प्रत्येक वेळची नोंद मागच्या पानावर आहे.

रविवार, ९

आज बायकोला सुट्टी, म्हणून ठरवलं की बाटली तिनेच द्यायची. आई देते म्हटल्यावर घेईल. मी नेहमीप्रमाणे धुऊन-भरून दिली आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसलो.

घेतली नाही. आईच्या हातूनही नाही.

मला आधी आनंद झाला, हे कबूल करतो. म्हणजे दोष माझा नाही. मग बायकोचा चेहरा पाहिला आणि त्या आनंदाची लाज वाटली.

संध्याकाळी जोडीदार भेटायला आला. माझ्या निम्म्या पाळ्या तोच ओढतोय आणि वर जाणवू देत नाही. दारातून आत आला, दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाला, वा, घर कसं स्वच्छ वाटतंय, अगदी आपल्या प्लांटमध्ये आल्यासारखं. बायको हसली. खूप दिवसांनी हसली. छटाकला त्याने अर्धा तास खेळवलं. असा मित्र मिळायला नशीब लागतं.

सोमवार, १०

आज बायको बोलली. आवाज चढवला नाही, हातातलं काम सोडलं नाही, कपड्यांच्या घड्या घालता घालता बोलली. दिवसाची भूक छटाक रात्रभर भरून काढते, त्यामुळे हिची झोप अशी राहिलेलीच नाही. आज चौकातला लाल दिवा तिला उशिरा दिसला. बस थांबली, कोणाला काही झालं नाही, मागे बसलेल्या शिकवणाऱ्या साहेबांनीही काही म्हटलं नाही. पण तिला स्वतःला कळलं.

"माझ्या मागे चाळीस माणसं बसलेली असतात," ती म्हणाली. "मी झोपेत गाडी चालवणार नाही. शुक्रवारी डेपोत सांगायचं आहे, कायमच्या यादीत राहणार की नाही. शुक्रवारपर्यंत तिने बाटली घेतली नाही तर मी नाही म्हणून सही करते."

नाही म्हणजे अकरा वर्षांची ज्येष्ठता गेली. पुन्हा यायचं तर नव्याने भरतीपासून. मी म्हटलं, माझी रजा आहे ना अजून. ती म्हणाली, रजा आहे रे, पण ती उपाशी राहते त्याचं काय करू?

ती बस वळवते ना, तेव्हा एवढं मोठं धूड तिच्या हातात कसं ऐकतं ते मी लग्नाआधी थांब्यावर उभं राहून पाहिलेलं आहे. तिने ते सोडावं आणि कारण मी ठरावं, हे मला सहन होणार नाही.

मंगळवार, ११

डॉक्टरांकडे. वजन दीडशे ग्रॅमने उतरलंय. घसा, कान, टाळू, सगळं ठीक. डॉक्टर म्हणाल्या, काही मुलं हट्टी असतात, धीर धरा, आणि बाटल्या नीट स्वच्छ ठेवता ना? मला जरा लागलंच. म्हटलं, मॅडम, स्वच्छता हा माझा धंदाच आहे. त्यांच्या नर्सने मध्येच उठून खिडकी उघडली. हवा तर गार होती.

तरीही मनात शंका राहिली. म्हणून घरी आल्यावर टबातलं हायपोचं प्रमाण दुप्पट केलं. धोका नको.

बुधवार, १२

यादी लागली. मी त्यात नाही, जोडीदार आहे. त्याने स्वतः फोन करून सांगितलं आणि बिचारा इतका अवघडला होता की मलाच त्याची समजूत घालावी लागली. फोन ठेवल्यावर अर्धा तास मात्र मी भिंतीकडे बघत बसलो. यापूर्वी कधी वाटलं नव्हतं ते वाटलं. पद गेलं, आणि ज्यासाठी घरी बसलो ते काम जमत नाही. उद्या बायकोने नोकरी सोडली तर ही तीन महिन्यांची रजा म्हणजे एका माणसाची हौस ठरेल.

छटाक शेजारी पालथी पडून माझ्या अंगठ्याशी झटापट करत होती. अंगठा तोंडाजवळ नेला की नाक मुरडायची आणि पुन्हा दोन्ही हातांनी तोच ओढायची. तिच्या मनात माझ्याविषयी काय आहे ते मला कळत नाही.

बायकोने तिच्या वडिलांना फोन केला. मदतीला बोलावलं नाही, फक्त सांगितलं की नोकरी सोडते आहे.

गुरुवार, १३

आजचं मोठं आहे.

सकाळी बायको गेली आणि नऊला दार वाजलं. सासरे. हातात एक पिशवी. पहाटेच्या गाडीने निघाले होते. आयुष्यभर एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये मुख्य आचारी होते, दोन पाळ्यांत सहाशे माणसं जेवायची. बोलणं मोजकं. दारातच उभे राहिले आणि विचारलं, फरशी पुसताय का? म्हटलं, नाही, या ना आत.

दहाच्या दुधाची वेळ झाली. मी बाटली भरली, थर्मामीटर लावला, लावली तोंडाला. छटाकने नेहमीचा कार्यक्रम केला. सासरे बघत होते. तिला माझ्याकडून घेऊन शांत केलं, मग बाटली उचलली, तळहातावर चार थेंब टाकले आणि चाटले.

"जावईबापू, एक विचारू? राग मानू नका."

"विचारा ना."

"हे दूध तुम्ही चाखलंत?"

मी सांगितलं की तापमान सदतीस, एकशे वीस मिली, काढून सव्वादोन तास झालेत, बाटली अर्धा तास बुडवलेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ते ठीक आहे, चाखलंत का?

नव्हतं चाखलं. आमच्याकडे पाणी कोणी चाखत नाही. नमुना घेतात, तपासतात, आकडा लिहितात. त्यांनी चमच्यात ओतून माझ्यासमोर धरलं. मी प्यायलो. मला काहीच वेगळं लागलं नाही, आणि तसं मी म्हटलं. ते माझ्याकडे बघत राहिले. मग मला टबापाशी नेलं आणि म्हणाले, वास घ्या. मी वाकून घेतला. म्हटलं, कसला वास? स्वच्छ पाणी आहे.

ते जिन्यात गेले आणि वरच्या टेलरकाकांना घेऊन आले. काका गळ्यातली मापाची टेप सावरत दारापर्यंत आले आणि तिथेच थांबले. म्हणाले, अहो, दहा दिवस झाले मी विचारतोय, पोहण्याच्या तलावासारखा वास येतो तुमच्या घराला. डोळे चुरचुरतात माझे जिना चढताना.

मी फरशीवर बसलो. नऊ वर्षं क्लोरीनमध्ये काढली आहेत. माझं नाक कधी मेलं ते मला कळलंच नाही. जोडीदाराचं नाक मेलेलं, केमिस्टबाईंचं मेलेलं, त्यांनी प्रेमाने दिलेला कॅन मी प्रेमाने वापरला. ती बाटली, तो चमचा, ती वाटी, तो ड्रॉपर, माझे हात, सगळं एकाच टबातून येत होतं. सहाच्या सहा ग्लास मी त्याच टबात बुडवले आणि मग फरक शोधत बसलो. आणि डॉक्टरांनी स्वच्छता म्हणताच दुप्पट केलं. पोर दहा दिवस तिच्या परीने ओरडून सांगत होती की यात काहीतरी आहे, आणि मी तिची नोंद करत होतो.

डॉक्टरांना लगेच फोन केला. त्या म्हणाल्या, घाबरू नका, ती फारसं प्यायलीच नाहीये, पण तो टब आधी घराबाहेर काढा. मग थोडं थांबून म्हणाल्या की नर्सने त्या दिवशीच म्हटलं होतं, या गृहस्थांच्या अंगाला कसला तरी वास येतोय. मी त्यांचे आभार मानले. कोणाकोणाचे मानावेत तेच कळेना.

पुढचा तासभर सासऱ्यांनी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. टब ओतला. नव्या बाटल्या टेलरकाका जाऊन घेऊन आले, पैसे घेईनात. मोठ्या पातेल्यात सगळं वीस मिनिटं उकळलं आणि उन्हात ठेवलं. मला साध्या साबणाने हात धुवायला लावले, वास घेतला, पुन्हा धुवायला लावले. चौथ्या वेळी पास केलं. त्यांच्यापुढे मी उमेदवार असल्यासारखा उभा होतो आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. मी म्हटलं, एवढी साधी गोष्ट मला कळू नये? मला घरी ठेवून काय उपयोग झाला?

ते पातेलं पुसत होते. पुसायचं थांबले नाहीत.

"सहाशे माणसांचं जेवण रोज चाखून वाढलं मी. तुमच्या बायकोला एक घास कधी भरवला नाही. पहाटे निघायचो तेव्हा ती झोपलेली, यायचो तेव्हा ती जेवलेली. तुम्ही चुकलात, पण घरी राहून चुकलात. मला तर चुकायलाही मिळालं नाही."



गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण दुपारच्या सुट्टीत बायको आली तेव्हाही छटाकने स्वच्छ, उकळलेली, सासऱ्यांनी चाखलेली बाटली लांबूनच पाहिली आणि रडायला लागली. आता तिला बाटलीचीच धास्ती बसली होती. संध्याकाळी पुन्हा तेच. बायकोला आम्ही सगळं सांगितलं. मला वाटलं चिडेल. चिडली असती तर बरं होतं.

"मला वास यायचा रे," ती म्हणाली. "मला वाटायचं, तू आहेस. नऊ वर्षं तुझा तोच वास आहे. मला आवडतो तो."

मग म्हणाली, तुझा काही दोष नाही, पण आता उशीर झाला. पत्र लिहून पर्समध्ये ठेवलं आहे. उद्या पाच वाजता डेपोत सही.

शुक्रवार, १४

आज तिचा परीक्षेचा दिवस. मध्ये सुट्टी नाही, साहेब मागे बसून गुण देणार, फोन लॉकरमध्ये. सहाला पाजून गेली. जाताना छटाकच्या टाळूवर हात ठेवून थांबली. मला म्हणाली, जबरदस्ती करू नकोस तिच्यावर.

नऊला घेतली नाही.

मी पुन्हा पुढे सरसावलो तसे सासरे म्हणाले, ठेवा ती खाली. पाजू नका, नुसती द्या तिच्याकडे. रिकामं बूच तिच्या हातात दिलं आणि आम्ही दोघं लांब बसून भाजी निवडायला लागलो, तिकडे लक्षच नाही असं दाखवत. मला ते जमत नव्हतं, मान सारखी वळत होती, सासऱ्यांनी दोनदा कोपराने ढोसलं. छटाकने बूच आपटलं, टाकलं, उचललं, न्याहाळलं. मग चावलं. मग आणखी चावलं. सासऱ्यांनी हळूच जाऊन त्यावर दुधाचे दोन थेंब सोडले आणि परत येऊन बसले.

दहा चाळीसला तिला मांडीवर घेतलं. बाटली तिनेच ओढली. मी फक्त धरली होती.

वीस मिली. मग थांबली, माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा. साठ. नव्वद. बाटलीत बुडबुडे वर चढताना बारीक आवाज होतो, तो मी पहिल्यांदा ऐकला. नऊ वर्षं मोठमोठे पंप ऐकतोय, पण इतका चांगला आवाज ऐकलेला नाही. मी रडलो. सासरे भाजी निवडत राहिले, पण त्यांनी पालेभाजीची पानं टाकून देठं पातेल्यात ठेवली होती, ते मी पाहिलं.

आता बायकोला कळवायचं कसं? पाचला सही. फोन लॉकरमध्ये. डेपोत फोन केला तर तिथला माणूस म्हणाला, परीक्षेच्या दिवशी चालकाला खाजगी निरोप देत नाही. मी नियम मानणारा माणूस आहे, फोन ठेवला. सासरे म्हणाले, ती रस्त्यावरच आहे ना? मग आपण रस्त्यावर जाऊ.

तिची गाडी डोळ्यांच्या दवाखान्यासमोरच्या थांब्यावर एक वीसला येते. आम्ही एक वाजता जाऊन उभे राहिलो. मी, सासरे, छटाक, बाटली. काल दुपारी आणि संध्याकाळी रडली होती ती आज गर्दीत, हॉर्नच्या आवाजात पिईल याची काय खात्री? एक दहाला बाटली दाखवली, तिने तोंड फिरवलं. सासऱ्यांनी हाताने खूण केली, थांबा. थांबलो. एक सतराला तिने स्वतः मान वळवली आणि तोंड लावलं.

गाडी आली. बरोबर एक वीस. स्टिअरिंगवर ती. मागच्या आसनावर साहेब, मांडीवर गुणांचा कागद. पुढचं दार उघडलं. दवाखान्यातून आलेली चार-पाच माणसं चढली. मी दारासमोर उभा राहिलो, चढलो नाही. तिच्या आसनाच्या वर पाटी लावलेली होती, चालकाशी बोलू नये. म्हणून मी बोललो नाही. छटाकला जरा उंच धरलं, एवढंच. छटाकने आईकडे बघितलंही नाही. तिचे डोळे माझ्यावर होते, एका हाताने माझं बोट धरलेलं, आणि बाटलीत बुडबुडे चढत होते.

बायकोने बघितलं. माणसं चढून झाली होती, दार उघडंच होतं. तिने हात वर नेऊन टोपी सरळ केली. सरळच होती ती. मग पुन्हा केली. मागून कोणीतरी म्हणालं, चला ना बाई, आणि तरी ती बघतच राहिली.

तेवढ्यात सासरे पुढे झाले आणि गाडीत चढले. आमचं असं काही ठरलेलं नव्हतं. तिकीट काढलं आणि अगदी पुढच्या आसनावर, जिथून चालक दिसतो तिथे, पिशवी मांडीवर घेऊन बसले. मुलगी अकरा वर्षं बस चालवते. त्यांनी तिला बस चालवताना कधीच पाहिलं नव्हतं. तेही तिच्याशी बोलले नाहीत. दार मिटलं आणि गाडी गेली. इतकी अलगद गेली की उभी असलेली माणसं हललीही नाहीत.

ते शेवटच्या थांब्यापर्यंत गेले, आणि तिथून परत, आणि पुन्हा शेवटच्या थांब्यापर्यंत. तीन तिकिटं काढली. संध्याकाळी दोघं बरोबर घरी आले. पत्राचं काय झालं ते मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. मला बाजूला सारून आधी छटाकला घेतलं, मग माझ्या हातांचा वास घेतला आणि म्हणाली, तुझ्या हातांना साबणाचा वास येतोय, सवय व्हायला वेळ लागेल. मग पर्समधून दोन कागद काढून माझ्यापुढे ठेवले. एक ड्यूटीचा तक्ता, सोमवारपासूनचा, पहिली गाडी सहा चाळीस. दुसरी साहेबांची गुणपत्रिका. ती इथे चिकटवतो आहे:

"गाडीवर ताबा उत्तम. वळणे उत्तम. वेळापत्रक: नेत्रालय थांब्यावर काही कारण नसताना पंचेचाळीस सेकंद जास्त थांबल्या. पास."